भिंतीकडची स्प्रिंग

१

झोपाळा टांगायचा तर आधी वर बघावं. लोक खाली बघतात. पाट केवढा, साखळी पितळी की लोखंडी, गादीला कापड कसलं. ज्या लाकडावर माणसाचा जीव टांगायचा, त्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही.

मी बघितलं. मी दोंडाईच्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत. पण माझ्या हातचा बोल्ट सुटून पडला असं कोणी दाखवावं.

आमच्या पडवीला सागाचा कडीपाट आहे. दोन मोठ्या तुळया, त्यांच्यावर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. फळीत आकडा कधी बसवू नये. फळी दिसते जाड, पण वजन आलं की दगा देते. आकडा तुळईतच पाहिजे, आणि तोही पिळून बसवायचा नाही. मी हातोडीनं तुळया ठोकून ऐकल्या. कुठं पोकळ आवाज नाही, वाळवी नाही. मग गिरमिटानं आरपार भोकं पाडली, खालून बोल्ट घातले, वरच्या फळ्या उचकून लोखंडी पट्ट्या टाकल्या आणि प्रत्येक बोल्टाला दोन-दोन नट आवळले. एक आकडा दाराकडच्या तुळईला, दुसरा बाजूच्या भिंतीकडच्या. या तुळया पडवीत संपत नाहीत. घराच्या आतल्या भिंतीतून आरपार मधल्या खोलीत जातात. म्हणजे साऱ्या घराचा भार ज्यांच्यावर, त्यांच्यावरच झोपाळा.

शेजारचा अभिमन आपल्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, "आबा, झोका बांधी ऱ्हायनात का रेल्वेना पूल?"

"पूलच समज," मी म्हणालो. "तुन्यासारखा बसना तरी पडाव नही."

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. आखाजी जवळ आली होती. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके घेतात. माझी एकुलती मुलगी मंजुळा सावद्याला दिलेली. केळीवाले लोक, घरात पितळी कड्यांचा झोपाळा. आदल्या आखाजीला गल्लीतल्या निंबाला बांधलेला दोर तुटला, मंजुळा पडली, मनगट मोडून सासरी गेली. तिची सासू चार बायकांत म्हणाली, त्यांच्या घरी मुलीला बसायला धड झोकाही नाही.

ते शब्द माझ्यापर्यंत आले. यंदा मंजुळाला सातवा महिना होता. आखाजीला यायची आणि बाळंत होऊनच जायची. म्हणून पूल.

२

पोटुशी बाई बसणार, म्हणजे हिसका बसता कामा नये. त्यासाठी मी आकडा आणि साखळी यांच्यामध्ये दोन्हीकडे एकेक स्प्रिंग टाकली. जाड तारेच्या, जोडीच्या, सत्तार लोहाराकडच्या भंगारातून निवडून आणलेल्या. नुसत्या पाटानं त्यांचे वेढे उघडत नव्हते. माणूस बसला की बोटभर उघडायचे, उठला की मिटायचे. मला ते बघायला आवडायचं. तो एक काटाच होता म्हणा. वर बघितलं की कळतं, कोणत्या बाजूला किती भार आहे.

टांगून झाल्यावर लगेच बसायचं नसतं. आधी भार ठेवून बघायचा. समोरच्या घराचं बांधकाम चालू होतं, तिथून वाळूची पोती आणली आणि दोन्ही टोकांना सारखी रचली. मधोमध काठोकाठ भरलेलं भांडं ठेवायचं, ही माझी रीत. जिनमध्ये मशीन बसवताना मी तसंच करायचो. पाणी एका बाजूला सांडलं की समजावं, बैठक वाकडी आहे.

घरात मोठं भांडं रिकामं नव्हतं. माजघरात नवी कोरी मातीची घागर होती. भिकुबाई, माझी बायको, आदल्या दिवशी बाजारातून घेऊन आली होती. ती नळावर गेली होती. मी घागर काठोकाठ भरली आणि पाटावर पोत्यांच्या मधे ठेवली.

झोका दिला. पाणी कडेपर्यंत यायचं, पण थेंब सांडला नाही.

अभिमनलासुद्धा मान हलवावी लागली.

भार दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला. सकाळी घागर बघितली तर अर्धी रिकामी. नवी माती पाणी पिते, हे मला माहीत आहे. घागर उचलून खाली हात लावला. पाट कोरडा होता. पोतीही कोरडी. उन्हाळा होता, हवा तापलेली. वाळलं असेल, म्हणालो.

पोती उतरवली. घागर धुवून होती तिथं ठेवली.

३

दुपारी जेवून पडवीत आलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वैशाखातली आमच्याकडची दुपार अशीच असते. दारं लावलेली, कुत्री गटारात, वाऱ्याबरोबर तापलेली धूळ. झोपाळा स्थिर होता.

सवयीनं वर बघितलं.

दाराकडची स्प्रिंग मिटलेली होती. भिंतीकडची उघडी होती. वेढ्यांमधून पलीकडचा चुना दिसत होता.

मी जवळ गेलो. स्प्रिंग मेली असेल. रात्रभर भार सोसला, एक टिकली, एक गेली. भंगारातला माल असाच निघतो. सत्तारनं मला फसवलं. माझा त्याच्यावर तसाही पुरता विश्वास नव्हता. माझा कोणावरच नसतो.

खात्री करायला भिंतीकडच्या साखळीवर बोटानं टिचकी मारली. ढिली साखळी खुळखुळते. भाराखालची साखळी खुळखुळत नाही, तिचा आवाज आखडलेला येतो. जिनमध्ये गाठी उचलायच्या साखळ्यांचा तो आवाज मी आयुष्यभर ऐकला.

तोच आवाज आला.

मी पाटाकडे बघितलं. पाट रिकामा होता. भिंतीकडून जरासा खाली.

मग स्प्रिंग मिटली. हळू नाही, एकदम. माणूस उठतो तशी. पाट थोडा हलला आणि थांबला.

मी पाणी प्यायला आत गेलो. तहान नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी सत्तारला बोलावून घेतलं. तो दुपारच्या नमाजनंतर आला, टोपी खिशात घालून स्टुलावर चढला. दोन्ही स्प्रिंगा काढल्या, ताणून बघितल्या, दातात तार धरल्यासारखं तोंड करून निरखल्या.

"आबा, माल चोख शे. दोन्ही एकच जोडीन्या."

"मंग भिंतीकडली काबर उघडस?"

"बसेल व्हई कोनी."

"कोनी नही बसनं."

"पोरं?"

"मना ओट्यावर पोरं चढतस का?"

तो हसला. माझ्या ओट्यावर गल्लीतली पोरं चढत नाहीत, हे सगळ्या दोंडाईच्याला माहीत आहे.

मी म्हणालो, अदलाबदल कर. भिंतीकडची दाराकडे, दाराकडची भिंतीकडे. स्प्रिंग खराब असेल तर ती दाराकडेही उघडेल. मशीनचा दोष असाच शोधतात.

त्यानं बदलल्या. आम्ही बसून चहा प्यायलो. सत्तार पोरीच्या लग्नाचं बोलत होता. बोलता बोलता थांबला. कप बशीत ठेवला.

मी वर बघितलं. काल खराब ठरवलेली स्प्रिंग दाराकडे घट्ट मिटून होती. काल चांगली ठरलेली, आता भिंतीकडे आलेली, उघडत होती. एकेक वेढा सुटा होत गेला, जपून. जड माणूस नव्या खाटेवर बसताना अंदाज घेत बसतो तसं.

सत्तार उठला. हत्यारं गोळा केली. पाना विसरला, तो घ्यायलाही वळला नाही. ओट्याखाली उतरून म्हणाला, "लोखंडमा दोष नही, आबा. माले आते इचारू नका."

मला त्याचा राग आला. माणसानं काम अर्धं सोडू नये. पण मीही पडवीत थांबलो नाही.

एक गोष्ट ध्यानात आली. जे काही होतं, ते मधोमध बसत नव्हतं. भिंतीला लागून बसत होतं. शेजारी जागा ठेवून.

५

भिकुबाईला मी काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ती माजघरातून घागर घेऊन आली.

"हाई वापरेल कशी?"

"वजन दखाले भरी व्हती. झोक्यावर ठेवी व्हती."

तिनं घागर दोन्ही हातांनी पोटाशी धरली. ती घागर आखाजीची होती. झोक्यांच्या त्याच सणाला आम्ही गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरतो आणि त्यांना जेवायला बोलावतो. आई-बापांची घागर घरात खाली बसवतात, नाव घेऊन. ही रीत मला लहानपणापासून माहीत. पण माझ्या डोक्यात त्या दिवशी फक्त भार होता. समोर होतं ते भांडं होतं.

"भरतांना कोनं नाव लिन्हं?" तिनं विचारलं.

"नाव कसाले? वजन दखाले भरी म्हणी ऱ्हायनू ना."

"कोनंच नही?"

"नही."

तिनं घागर खाली ठेवली. मग पडवीकडे न बघता म्हणाली, "ज्याले कोनीच बलावत नही, तो वरीसभर वाट दखस. तुम्ही दार उघडं ठेयं."

मी तिला गप्प बसवलं. बायकांच्या गोष्टींवर मी चालत नाही. पण मला जे दिसलं होतं, ते तिला सांगायच्या आतच तिनं विचारलं, "कोठे बसस? भिंतकडे का?"

"तुले कोनी सांगं?"

"दोन दिवसपासून मी तठे झाडू मारत नही," ती म्हणाली. "झाडू अडकस."

६

दुसऱ्या दिवशी मंजुळा आली. जावई सुकदेव भुसावळहून गाडीनं घेऊन आला. मंजुळाचं तोंड उन्हानं लाल, पण हसरं. पिशव्या खाली ठेवायच्या आधी तिनं झोपाळा बघितला.

"आबा! हाई मन्हासाठे?"

"तुन्हासाठेच."

"आते मन्या सासूले बलावस. येवा म्हणावं, बसी दखा."

सुकदेव पाटाला हात लावून म्हणाला, "मामा, मजबूत आहे ना? यंदा पडली तर माझी आई मलाच घरात घेणार नाही."

ती पाटाकडे निघाली. मी वर बघितलं. भिंतीकडची स्प्रिंग उघडी होती. आणि मंजुळा बरोबर दाराकडच्या, मोकळ्या बाजूला बसायला वळत होती.

"थांब!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की सुकदेवच्या हातातली पिशवी पडली. मंजुळा तशीच उभी राहिली, पोटावर हात ठेवून.

"नट आवळाना बाकी शे," मी म्हणालो.

खोटं होतं. माझ्या हातचे नट कधी बाकी राहत नाहीत. मंजुळाला ते माहीत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

सुकदेव परत गेल्यावर मी झोपाळा उतरवला. साखळ्या काढल्या, स्प्रिंगा काढल्या, पाट उभा करून कोपऱ्यात ठेवला. भिंतीकडचं टोक उचलताना जड गेलं. मग हलकं झालं. माझं वय झालं होतं, असं मी धरलं.

अभिमन ओट्यावरून म्हणाला, "आबा, पूल पाडी टाका का?"

मी साखळ्या गुंडाळून ठेवल्या. मला वाटलं, संपलं.

७

जेवून मंजुळा मधल्या खोलीत आडवी झाली. सुंभाची खाट, वर पातळ गोधडी. मी पडवीत खांबाला टेकून बसलो. समोर नुसते दोन आकडे लोंबत होते.

डोळा लागत होता तेव्हा आवाज आला. लाकडाचा. कर्र... आणि थोड्या वेळानं परत, कर्र. झोपाळा चालताना तुळई करते तसा. मी आकड्यांकडे बघितलं. त्यांना काहीच नव्हतं. आवाज पडवीतून येत नव्हता.

तुळया भिंतीतून आत जातात, हे मी आधी सांगितलं.

मी उठलो. मधल्या खोलीच्या दारात गेलो. खिडकीच्या फटीतून ऊन येत होतं, उजेड भरपूर होता. भिंतीकडच्या तुळईतून भुगा गळत होता, आवाजाच्या तालावर, थोडा थोडा. खाली खाट. मंजुळा गाढ झोपली होती.

झोपेत ती एका कडेला सरकली होती. अगदी कडेला, पडेल इतकी. भिंतीकडची अर्धी खाट मोकळी होती.

त्या मोकळ्या अर्ध्यात सुंभ खाली गेला होता. गोधडीला खोलगा पडला होता. रिकाम्या खाटेची वीण अशी झुकत नाही. वरून भुगा पडत होता तो मंजुळाच्या अंगावर पडत होता, तिच्या केसांत, हातावर. त्या खोलग्यात पडत नव्हता.

"मंजुळा," मी हाक मारली. "ऊठ. बाहेर ये."

"झोपू द्या ना, आबा."

"ऊठ!"

ती उठली तशी खाट तिच्या बाजूनं वर आली. दुसऱ्या बाजूनं आली नाही.

मी तिला हाताला धरून अभिमनच्या घरी नेऊन बसवलं. परत आलो आणि झोपाळा पुन्हा टांगायला घेतला. घाई होती. पण सगळं नीट केलं. बोल्ट बघितले, नट बघितले, आकड्यांत स्प्रिंगा आणि स्प्रिंगांत साखळ्यांची टोकं नीट बसवली. काम ते काम. शेवटची साखळी अडकवली तेव्हा आतली कर्रकर्र थांबली.

भिंतीकडची स्प्रिंग उघडली.

आत जाऊन खाट बघितली. वीण सपाट झाली होती.

भिकुबाई दारात उभी होती. म्हणाली, "बाहेर बसू द्या त्याले. घरमा नको."

८

आखाजीला भिकुबाईनं दोन घागरी बसवल्या. माझ्या वडलांच्या नावानं एक, आईच्या नावानं एक. तिसरी तीच, आधी वापरलेली. चूल पेटवून घास टाकले, नावं घेतली. वडलांना जेवा म्हटलं, सुखानं परत जा म्हटलं. आईला म्हटलं. तिसऱ्या घागरीपुढे ती घास हातात धरून बसून राहिली.

"नाव?" तिनं मला विचारलं.

माझ्याकडे नाव नव्हतं. ज्याचं नाव माहीत नाही त्याला जा कसं म्हणायचं?

बाहेर गल्लीत पोरी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या. मंजुळा दारापाशी येऊन उभी होती. पडवीत तिच्यासाठी टांगलेला झोपाळा, आणि ती उंबऱ्याच्या आत. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही. पण तिची नजर सारखी पाटाच्या मोकळ्या टोकाकडे जात होती.

"आबा," ती म्हणाली, "बसू का? बलावल्यासारखं वाटस."

मी वाटीत पाणी घेतलं. काठोकाठ. पडवीत गेलो आणि वाटी पाटाच्या मधोमध ठेवली. भिंतीकडे बघितलं नाही. दाराकडच्या मोकळ्या टोकावर, साखळीला पाठ लावून, मी बसलो.

माझ्या डोक्यावरची स्प्रिंग उघडली. ते बरोबर. एका टोकाला एकटा माणूस बसला तर पाट त्या बाजूला कलतो, पाणी त्या बाजूला सांडतं. मशीन असो की झोपाळा, हिशोब एकच.

पाणी सांडलं नाही. वाटीत ते आरशासारखं सपाट होतं.

मी रेटा दिला नव्हता. झोका मंद चालू झाला.

समोर बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हणून वाटीकडे बघत राहिलो. पाण्यात कडीपाट दिसत होता. तुळई दिसत होती. समोरची साखळी दिसत होती, वरून खाली आलेली. माणूस बसला की साखळी धरतो. ती जिथं धरतात, तिथं बोटं होती.

मी ती मोजली नाहीत. नेहमीपेक्षा जास्त होती एवढंच सांगतो.

"आबा?" मंजुळानं आतून हाक मारली.

"तू आत जाय," मी म्हणालो. "हाई जागा मन्ही शे."

९

दुसऱ्याच दिवशी मी मंजुळाला सावद्याला परत पाठवलं. पहिलं बाळंतपण माहेरी न करणारा बाप, असं तिच्या सासूनं सगळ्या पंचक्रोशीत सांगितलं. मी ऐकून घेतलं. मंजुळा तिकडे सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. नाव यशोदा.

त्या आखाजीपासून दुपारी मी पडवीत असतो. दाराकडच्या टोकाला. मी बसलेला असलो म्हणजे तिथं दुसरं कोणी बसू शकत नाही. जिनची नोकरी सुटली तेव्हा लोक म्हणाले, आबा आता नुसते झोके घेतात. म्हणू देत. भिकुबाई चहा दारातून देते. अभिमन आता थट्टा करत नाही, त्यानं आपला ओटा पत्र्यानं झाकून घेतला.

वाटी रोज ठेवतो. रोज पाणी सपाट असतं. मी जेवढा, तेवढंच समोर.

मंजुळा आखाजीला सकाळी येते, दिवस मावळायच्या आत जाते. यशोदा आता आठ वर्षांची आहे. यंदा ती पाटाजवळ येऊन उभी राहिली.

"आबा, सरका ना."

"नही."

"मंग मी तठे बसू? भिंतकडे? जागा तर शे."

"जागा नही," मी म्हणालो.

तिनं त्या बाजूला नीट बघितलं. मग मान वर करून स्प्रिंगांकडे बघितलं, एकीकडे, मग दुसरीकडे. पोरगी माझ्यावर गेली आहे. आधी वर बघते.

"आबा," ती म्हणाली, "तठली जास्ती उघडेल शे."

मी दोन आजारांतून उठलो आहे. सदरे ढगळ होतात. हाडं हाताला लागतात. वजन गेलं हे मला कळत होतं, पण मी तिकडे ध्यान दिलं नाही.

वाटीकडे बघितलं. पाणी भिंतीकडच्या काठावर आलं होतं. मी घट्ट बसलो, पाय टेकले, पाट माझ्या बाजूनं खाली दाबून धरला.

तरी थेंब पडला. भिंतीकडे.